सुगंधाचा निकाल

कुबड्या सावरत सुगंधाचा नवरा कोर्टाच्या पायऱ्या उतरत होता आणि ती त्याचा दंड धरून चालत होती. खाली उभ्या असलेल्या शेजारच्या हेमलताला ते बघवेना.

नगरपालिकेच्या ज्या उघड्या गटारात पडून याचा पाय गेला, त्याच गटारात सहा महिने आधी हेमलताचा नवरा दिगंबर पडून मेला होता. तिनेही दावा लावला होता. पण नगरपालिकेला आधी नोटीस द्यायची राहिली, म्हणून तो फेटाळला गेला. सुगंधा मात्र आज जिंकली होती. ती हरावी, असं हेमलताने सकाळी देवापुढे हात जोडून मागितलं होतं.

“वहिनी, हे ऐका,” म्हणत सुगंधाच्या नवऱ्याने निकालाचा कागद उघडला. “‘आमचं काम सद्भावनेचं आहे, आमच्यावर दावा चालत नाही, असं नगरपालिका म्हणते. पण दिगंबर तोडकर यांचा बळी गेल्यावरही गटारावर झाकण बसवलं नाही. याला सद्भावना म्हणता येणार नाही.’”

“ताई, तुमच्यामुळे जिंकलो आम्ही,” सुगंधा रडत म्हणाली.

हेमलताच्या दाव्यात दिगंबरच्या मरणाबद्दल कोर्ट एक शब्द बोललं नव्हतं. बोललं ते दुसरीच्या निकालात, दुसरीचं भलं करायला.

तरी तिने हात पुढे केला.

“हा कागद मला दे, सुगंधा,” ती म्हणाली. “तुला तुझा माणूस आहे.”