कोट अंगात असेपर्यंत

लेकीनं बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हे टोंगा बेटांवरल्या प्रत्येक पोरीसारखं तापितालाही ठाऊक होतं. पण घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच. डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षातून सुट्टीला आलेली. आणि बापाच्या कानामागे गाठ वाढत होती. “तुझा पांढरा कोट घाल,” बाप हसत म्हणाला, “मग तू लेक कसली, डॉक्टरीणबाई!” “हेच शिकवतात का तिकडे?” दारातून आत्या कडाडली. कोट चढवून तापितानं गाठ चाचपली. बोटाखाली सरकते ती बहुधा साधी, असं शिकवलं होतं. ही दगडासारखी होती, जागची हलेना. “काय म्हणतं तुझं पुस्तक?” बापानं विचारलं. त्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी उत्तर येत होतं. तिनं कोट काढला आणि खाली बसून बापाचे पाय घट्ट धरले. आत्या समाधानानं म्हणाली, “आत्ता कशी लेकीसारखी वागलीस!”