खंडेनवमीची बॅटरी

“बॅटरीत पाणी शिरल्याचा नुसता संशय आला तरी चार्जरला लावायची नाय, मावशी. चालू करूनपण बघायची नाय. घराबाहेर मोकळ्यावर ठेवायची नि मला फोन करायचा.” महाडच्या सायकलच्या दुकानात इस्माईलने हे तीनदा सांगितलं होतं आणि शेवटी आवडीकडून पाठ म्हणून घेतलं होतं.

ते आज खंडेनवमीला आठवायची वेळ आली. मुंबईहून नवऱ्याबरोबर, भरतबरोबर, सणाला आलेली सून मानसी भल्या सकाळी पाइप घेऊन अंगणात उतरली होती. पूजेआधी कोयता, विळा, कुदळ धुतात, तशी तिने सासूची, आवडीची, विजेवरची सायकलही धुतली. बॅटरीसकट, अगदी मन लावून. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच उघडून आतली मातीही काढली. मग बॅटरी देव्हाऱ्यापुढे पाटावर, कोयत्याच्या शेजारी मांडली. पाटाखाली पाणी ठिबकत होतं.

ही बॅटरी चार वर्षांची. हलकी नको, वरच्या वाडीचा चढ ओढेल अशी दे, असं सांगून आवडीने स्वतः निवडलेली. चढून आल्यावर गार होईपर्यंत चार्जर लावायचा नाही, भरली की काढायची, उन्हात ठेवायची नाही, हे तिने सोमवारच्या उपासासारखं पाळलं. गावातल्या दोघांच्या बॅटऱ्या दुसऱ्याच वर्षी बसल्या. हिची अजून वाडी चढत होती. आवडी आपणहून कुणाला सांगत नसे. पण कुणी विचारलंच, तर पदर सारखा करून सावकाश सांगे.

तिने बॅटरी पाटावरून उचलली आणि घरापासून लांब, आवाराच्या कडेला, सावलीतल्या कातळावर नेऊन ठेवली. इस्माईलला फोन लावला. चार्जरला लावली नाही ना, एवढंच त्याने विचारलं. नाही, असं तिने सांगितलं. मग तो म्हणाला, सांगितलेलं इतकं कोण ऐकतं मावशी. संध्याकाळी मी स्वतः येतो, तोवर हात लावू नका.

मानसीचा चेहरा उतरला होता. भरत मोटारसायकल घेऊन फुलं आणायला गेलाय, दुपारी येईल, तोच तुम्हाला वाडीवर सोडेल, असं ती म्हणाली.

“तवर भागोजी उपाशी बसेल गो. मी गेल्याबिगर गोळी नाय नि गोळीबिगर भाकर नाय.”

वरच्या वाडीतल्या भागोजीने क्षयाच्या गोळ्या एकदा अर्ध्यावर सोडल्या होत्या आणि खाट धरली होती. या खेपेला गोळ्या रोज, गावची आशाताई असलेल्या आवडीच्या समोर घ्यायच्या, असं ठरलं. तू एक दिवस चुकलीस की मीपण चुकणार, असं त्याने तिला बजावलं होतं. चुकणार नाही, असा शब्द तिने दिला होता. सहा महिने झाले. सगळा पावसाळा त्यात गेला. आजच्या गोळ्या शेवटच्या.

“तुम्हीही उपाशीच आहात ना, आई? नऊ दिवस झाले. आणि तो चढ...”

“मला देवीनं उपाशी ठेवलंय. त्याला मी ठेवलंय.”

आवडीने हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि आधी कातळापाशी गेली. बॅटरीला बोट न लावता एक झेंडूचं फूल तिच्याशेजारी ठेवलं. मग सायकलपाशी येऊन हँडलला कुंकू लावलं. फाट्यापर्यंत पायडल मारायचं, पुढे हातात धरून चढायचं.

बॅटरीची जागा रिकामी होती. मानसीने ती खोबण आपल्या ओढणीने कोरडी पुसली. आवडीने तिच्यात गोळ्यांची डबी ठेवली, हलू नये म्हणून कडेने रुमाल खोचला आणि सायकल घेऊन फाटकाबाहेर पडली.