सतरावं पान

रुग्णवाहिका दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा थोरल्या नर्सच्या, फालेसीच्या, मांडीवर कागदात गुंडाळलेली अर्धी कोंबडी होती. जिल्ह्याच्या गावी कार्यशाळा होती, तिथलं जेवण. शिकलेल्या नर्सेसना खेड्यातल्या दवाखान्यात टिकवावं कसं, हा विषय. साहेबलोक दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि फालेसी मनात म्हणत होती, मला विचारा की! माझी एक तरी टिकलीय. त्या एकीसाठीच तिनं स्वतःच्या ताटातली अर्धी कोंबडी बाजूला काढली होती.

अंगणात बायका उभ्या होत्या. एका म्हातारीनं छापील कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं आणि तिच्यामागून दोघी कुदळ घेऊन नदीच्या बाजूला निघाल्या होत्या. पुरुष एकही नव्हता. रडल्यावाचून आलेल्या बाळाला बायकांनीच पोचवायचं असतं, पुरुषांनी जायचं नसतं. फालेसीला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

तिनं पर्समधून फोन काढून सुरू केला. कार्यशाळेत फोन बंद ठेवायचे, असा नियम होता. त्या टिकलेल्या एकीचे, तियामिकेचे, अकरा फोन येऊन गेले होते.

बाळंतिणीच्या खोलीत तियामिके काळं प्लॅस्टिक धूत होती. प्रत्येक बाई घरून आपलं प्लॅस्टिक घेऊन येते, खाटेवर अंथरायला. बाळंतीण पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“पायाळू होतं?” फालेसीनं हळूच विचारलं.

“हो, माई.”

“मग जिल्ह्याला का नाही पाठवलंस?”

“कशातनं पाठवू? पाठीवर घेऊन जाऊ? गाडी तुम्हाला घेऊन गेलेली.”

फालेसीनं कोंबडीचं पुडकं खिडकीत ठेवलं.

“तुमचा फोन लागेना, म्हणून लोनेसला लावला,” तियामिके म्हणाली. प्लॅस्टिक केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती घासतच होती. “इंग्लंडला. म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती, तिथनंच बोलली. म्हणाली, माईंनी मला शिकवलंय, घाबरू नकोस. ओढू नकोस. अंग आपसूक येऊ दे. आलं, माई. सांगितलं तसंच आलं, मानेपर्यंत. मग म्हणाली, आता त्याला हातावर पालथं घे आणि दोन बोटं... आणि माझा बॅलन्स संपला.”

फालेसी स्टुलावर बसली.

लोनेस तिचीच, इथंच शिकलेली. तिच्याआधीच्या चौघीही तिच्याच. प्रत्येकीच्या हाताला हात लावून शिकवलं, प्रत्येकीची वही, एकेक काम जमलं की त्या पानावर सही करत, भरली, आणि वही भरली की पोरगी परदेशी गेली. तिकडं नोकरी लावणारा एजंट आधी वहीच मागतो. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. तियामिके आली तेव्हा फालेसीनं ठरवलं, हिला हातचं राखून शिकवायचं. सोळा पानं भरली. सतरावं पान, पायाळू बाळाचं, कोरं ठेवलं. तशी बाई आली की ती तियामिकेला गरम पाणी आणायला पिटाळायची नाहीतर चादरी मोजायला बसवायची. सरावाची कापडी बाहुली कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली आजही तिच्या पर्समध्ये, कार्यशाळेत.

“तू जाशील, म्हणून मी...” फालेसी म्हणाली.

“ठाऊक आहे मला.”

“ठाऊक होतं?”

“पहिल्या चादरीलाच कळलं, माई. खुळी आहे का मी? म्हटलं, असू दे. म्हातारीला भीती वाटते तर वाटू दे. आपल्याला कुठं जायचंय? आई इथं, मका इथं.” तियामिकेनं प्लॅस्टिक झटकलं आणि दोरीवर टाकलं. “आज सकाळपर्यंत नव्हतंच जायचं.”

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हली. तियामिकेनं जाऊन तिच्या पोटावरून हात फिरवला, खालचं कापड पाहिलं, पांघरूण नीट केलं आणि परत आली. किती नीट करते ही सगळं, फालेसीच्या मनात आलं. सोळा पानं किती नीट शिकलीय.

ती उठली. टेबलाच्या खणातून तियामिकेची वही काढली, सतरावं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. नवं पेन होतं, कार्यशाळेत मिळालेलं. आता एवढंच तर द्यायचं राहिलं होतं.

तियामिकेनं वहीवर पंजा ठेवला.

“सही राहू द्या, माई.”

“अगं, जायचंय ना तुला? लागेल ती.”

“राहू द्या म्हटलं ना. मला ती दोन बोटं दाखवा. कुठं ठेवायची होती?”

फालेसीनं पर्समधली किल्ली चाचपली, मग सोडून दिली. तिनं हात उचलला आणि पोरीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या हाडांवर, दोन बोटं टेकवली.

“इथं,” ती म्हणाली. “डोकं हलकंच खाली वाकवायचं. एवढंच.”

गाल ओले होते. बोटं तिथं ठरेनात.