शेवटचं चित्र

"हे माझं नाही."

चाकाच्या खुर्चीतून हिरण्मय लाहिडी इतक्या खणखणीत आवाजात बोलले, की दालनातली कुजबुज थांबली. खुर्चीमागे त्यांची मुलगी तृणा उभी होती.

कोलकात्याच्या त्या संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. बाकीच्या चित्रांपुढून ते नुसती मान हलवत गेले. या भिंतभर काळ्या, शेवटच्या चित्रापुढे मात्र अडले. समीक्षकांनी याच चित्राला त्यांचं सर्वांत मोठं काम म्हटलं होतं.

संग्रहालयाचे प्रमुख सोमबाबू हसत पुढे झाले. लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाले, दादा, आजारी पडायच्या आधी तुम्हीच तर काढलंत हे. मग तृणाकडे वळून हळूच म्हणाले, वय झालं, चालायचंच. कुणीतरी हळहळलं. एका वार्ताहराने फोन वर धरला.

"मला वेड्यात काढू नका," हिरण्मयबाबू म्हणाले. "माझा हात मला कळतो. कुणी केलंय हे, शोधून काढा."

सोमबाबूंचं हसू मावळलं. नकली चित्राचा संशय म्हणजे चौकशी आली. त्यांनी तृणाला विचारलं, चित्र तुमच्या घरूनच आलं होतं ना?

तृणा खाली वाकली. बापाच्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, मी केलंय. तुमचा हात गेला होता. ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं मला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चित्राकडेच बघत राहिले. सगळे ताटकळले होते. आपणच सांगून टाकावं म्हणून तृणाने तोंड उघडलं.

"माझंच आहे," ते म्हणाले. "हल्ली विसरायला होतं."

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. सोमबाबूंनी त्यांच्या मांडीवर निशिगंधाचा गुच्छ ठेवला. तृणाने टाळ्या वाजवल्या नाहीत.

लिफ्टमध्ये दोघंच होती. दार मिटल्यावर त्यांनी लेकीला नेहमीची लाडाची हाक मारली. "मा, त्या काळ्याच्या खाली लाल घातलायस ना?"

"हो."



"माझी छाती झाली नसती," ते म्हणाले.