आवाज आला

पक्षाघाताने कुमुदिनीबाईंची वाचा गेली, त्याला चार महिने झाले होते. गावोगावी कीर्तनं केलेल्या त्या बाईंना निदान आपला जुना आवाज तरी ऐकायचा होता. कीर्तनांची सगळी रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि नेमका त्याचाच आवाज बसला होता.

त्यांच्या यजमानांनी, मोरेश्वरपंतांनी, वायरी काढून पुन्हा खोचल्या, नवे स्पीकर आणले, तरी घरात शांतताच. शेवटी त्यांनी पुण्याच्या पुतणीला फोन लावला.

"काका, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. आत काही महत्त्वाचं नाही ना?"

"अगं, आधी आवाज येऊ दे!" म्हणत पंत ती सांगेल ती बटणं दाबत गेले.

तासाभराने कॉम्प्युटर खणखणीत वाजला. खाटेवरच्या कुमुदिनीबाईंनी डाव्या हाताने मांडीवर थाप दिली. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. पंत घाईने कीर्तनं शोधू लागले. पडदा धुतल्या पाटीसारखा कोरा होता.

"आवाज आला ना, काका?" पुतणी विचारत होती.

मागे वळायचा पंतांना धीर होईना. खाटेवर कुमुदिनीबाई डोळे मिटून, मान किंचित कलती करून, ऐकायला बसल्या होत्या.