न पटलेला भाग

मालिका बंद पडून चार वर्षं झाली, तरी तिच्या चाहत्यांचा ऑनलाइन कट्टा रोज भरायचा. कोणी जुन्या नमुन्यांवरून मालिकेतल्या राणीची लोकरी शाल विणायचं, कोणी राणीच्या पुढच्या गोष्टी रचायचं. त्यांतली एक जण दोन्ही करायची. कट्ट्यावर सगळे तिला ‘सुई’ म्हणत.

आज तिने नवा भाग टाकला. राजा रागाच्या भरात राणीचं मनगट मोडतो आणि नवव्या दिवशी राणी पुन्हा विणायला बसते. वाचणारे हळहळले. पण कट्ट्यावरच्या मावशी चूक दिसली की कोणाची भीडभाड ठेवत नसत.

"सुई, काहीही काय लिहितेस? मोडक्या मनगटाने नऊ दिवसांत कोण विणतं? आणि एवढा मार खाऊन ती बया घर का सोडत नाही? मला नाही पटलं."

ती उत्तर लिहू लागली. ‘एक सुई काखेत घट्ट दाबून धरली की जमतं, मावशी. कळ येते, पण जमतं. आणि घर सोडून जायचं कुठे, ते कोणी सांगत नाही.’

"कोणाशी गुलुगुलु चाललंय?" आतून नवऱ्याने विचारलं.

"कोणी नाही हो. विणकामाचंच आहे."

तिने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. मग प्लास्टरबाहेर आलेल्या सुजलेल्या बोटांनी एकेक अक्षर दाबत तिने लिहिलं, "बरोबर आहे तुमचं, मावशी. माझंच चुकलं."