मशीनला सुट्टी

"मॅडम, हे डबडं आज उचला, नायतर मी विहिरीत टाकतो!" भारतनं कॉम्प्युटरच्या टेबलावर मूठ आपटली. मॉनिटरशेजारचा झेंडूचा हार घसरून खाली आला.

समुपदेशक निकिता मॅडम आज मुद्दाम गंगापूर रोडवरून मखमलाबादला भारतच्या मळ्यात आल्या होत्या. मुलाच्या, ओमच्या, कॉम्प्युटरच्या नादापायी त्यांच्या क्लिनिकमध्ये हे कुटुंब दोनदा बसलं, पण बापलेक एकमेकांकडे बघायलाच तयार नव्हते. शेवटी मॅडमनी एकच पथ्य घातलं होतं. दसऱ्याच्या दिवशी मशीनला सुट्टी, घरातल्या कुणीही हात लावायचा नाही.

आता यात अवघड काय होतं? दसऱ्याला खुरप्यांची, फवारणीच्या पंपाची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला कुणी काम सांगत नाही. भारतच्या बायकोनं, मैनाबाईंनी, पंपाबरोबर कॉम्प्युटरही पुजला. मॉनिटरला हार घातला, माउसला ओल्या कुंकवाचं बोट लावलं.

पण नाही! काल संध्याकाळी भावकीत सोनं वाटून मायलेक परतले, तर हार बाजूला काढून ठेवलेला आणि माउसवरचं कुंकू फिसकटलेलं. "मी नाही केलं," एवढं ओम म्हणेपर्यंत भारतनं त्याच्या कानाखाली वाजवलीसुद्धा.

"मी मागं झोपलो होतो, अन् अर्ध्या वाटेतून हा सटकला होता. विचारा त्याच्या आईला," भारत आता मॅडमना सांगत होता.

"मित्राकडे गेलो होतो, चंदरला सोनं द्यायला." ओमचा गाल अजून सुजलेला होता.

"खोटारड्या! सणावाराचीबी लाज नाय तुला. मॅडम, उद्याच याला पेठला मामाकडं धाडतो. कॉलेज बंद. भात काप म्हणावं तिथं."

मैनाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "अहो, बारावीचं वर्ष हाय त्याचं!"

"असू दे! शिकून कोणते दिवे लावतोय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भारतभाऊ, तो यावर काय करतो ते कधी बघितलंत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाय. मी आपला मार्केटातून येऊन मागं बाजेवर पडतो. मला डोळा लागला असं वाटलं की याची खुसुरफुसुर सुरू. मी कूस बदलली की बंद." बोलता बोलता त्यानं उजवा हात विजारीला पुसला.

"कुणाशी बोलतोस, ओम?"

ओमनं आईकडे बघितलं. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"ताईशी," तो म्हणाला.

भाग्यश्री चार वर्षांपूर्वी परजातीत लग्न करून बंगलोरला गेली, तेव्हा भारतनं जित्या लेकीच्या नावानं आंघोळ केली होती. त्या दिवसापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

भारतचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या घरात बसून मेलेल्या माणसाशी बोलतो? माझी अब्रू वेशीला टांगणारीशी? ऊठ! फेक ते बाहेर!"

ओम उठला. पहिल्यांदाच त्यानं बापाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"फेका! पेठला पण जातो मी. पण काल मी हात लावला नव्हता, कुणाचीही शपथ घ्यायला लावा. आणि फेकायच्या आधी आईला एकदा नातीचं तोंड बघू द्या. तीन वर्षांची झाली ती. तुमच्या भीतीनं आईनं अजून बघितलेलं नाही तिला."

त्यानं कॉम्प्युटरवरून ताईला कॉल लावला. "बंद कर म्हणतो ना!" भारत ओरडला. पण वायर ओढायच्या ऐवजी तो दाराकडेच निघाला. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

पडद्यावर खरखर झाली आणि भाग्यश्री दिसली. मांडीवर दोन शेंड्या बांधलेली पोर होती. मैनाबाई रडतच पुढे सरकल्या. "अगं बाई, माझी सोनुली गं ती!"

पोरीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती मान उंच करून त्यांच्या मागे, दाराकडे बघत होती. भाग्यश्रीनं घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीनं तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि टाळ्या पिटल्या.

"आजोबा! कालच्यासारखं सोनं दाखवा ना!"